आजोळच्या भांड्यांत पितळ कुठलं आणि कासं कुठलं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

माजघर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. वाईजवळचं आमचं आजोळचं घर रिकामं करायचं चाललंय, आणि माळ्यावरून तीन पोती भांडी निघाली. एक घंगाळ, दोन हंडे, एक बंब (खाली भोक पडलंय), परात, पाचसहा तपेल्या, समई, तीन ताटं, आठ वाट्या, गडू, ताम्हण आणि एक पांढरट झाकणाचा डबा. सगळं काळंहिरवं झालेलं. काल भंगारवाला आला, त्याने बंबासकट सगळं एकाच तराजूत टाकलं आणि पितळेचा भाव सांगून मोकळा झाला. आई म्हणाली थांबा, त्या वाट्या काशाच्या आहेत, माझ्या आजीच्या रुखवतातल्या. मामा म्हणतो कासंबिसं काही नाही, सगळं पितळच, काळं पडलं की तसंच दिसतं.

आता शाळेत मी पण घोकलंय, तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ आणि तांबं अधिक कथील म्हणजे कासं, दोन मार्कांचा प्रश्न हमखास असायचा. पण प्रत्यक्ष वाटी हातात घेतल्यावर मार्क मिळवलेल्या बाईला काही म्हणजे काही कळत नाहीये. सोनाराकडे मशीन असतं म्हणे पण तो भांड्यांना हात लावायला तयार नाही. घरच्या घरी ओळखता येईल का? आणि ह्यातलं काय वापरात काढता येईल, काय मोडीत द्यावं?

भट्टीवाला:
ताई आधी त्या भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. तांबं पितळेपेक्षा महाग, आणि काशात जे कथील असतंय ते तांब्याच्या कितीतरी पट महाग, आणि ह्यानं सगळ्याला पितळेचा भाव लावला म्हणजे मापात पाप नाही, मापाच्या आधीच पाप.

मी कोल्हापुरात फौंड्रीत बत्तीस वर्षं काढली, जास्त काम बिडाचं, पण गनमेटल आणि पितळ पण ओतलंय. आमच्याकडं पोरगं नवीन आलं की त्याला पहिलं हेच शिकवायचं, कारण भंगारात चुकून दुसरा माल गेला की अख्खी घाण वाया. तर सगळ्यात आधी भांड्याच्या बुडाला, जिथं दिसणार नाही तिथं, कानशीनं एक बारीक ओरखडा काढा. वरच्या रंगावर अजिबात जाऊ नका, तो नुसता मळ. आत लालसर गुलाबी निघालं तर तांबं, पिवळंधमक निघालं तर पितळ, आणि फिकट करडट पिवळं निघालं तर कासं असायची शक्यता. बंब आणि घंगाळ बहुतेक तांब्याचं निघंल, पाणी तापवायला तांब्यासारखी धातू नाही, उष्णता वाहून न्यायला चांदीनंतर त्याचाच नंबर.

दुसरं, आवाज. वाटी तळहातावर घेऊ नका, बोटाच्या टोकावर किंवा दोऱ्याला टांगून ठेवा आणि लाकडी लाटण्याच्या टोकानं हळूच काठावर मारा. कासं असंल तर टणणणण करून लांब घुमत राहील, देवळातल्या घंटेचा धातू तोच की. पितळेची वाटी ठण करून गप्प बसते. कारण असं, काशात शेकडा बावीसच्या आसपास कथील असतंय, एवढ्या कथलानं धातू कडक आणि ठिसूळ होतो, आणि कडक धातू कंप लवकर गिळत नाही. म्हणूनच काशाचं ताट फरशीवर पडलं की तडकतंय आणि पितळेचं पोचतंय. तेव्हा हळू मारा, नाहीतर तपासता तपासता आजीची वाटी जायची.

आणि एक, मॅग्नेट लावून बघा. जुन्या मालाला चिकटणार नाही, पण आजकाल लोखंडावर पितळेचा मुलामा दिलेल्या समया पण "अँटिक" म्हणून विकतात, तसली एखादी मध्ये घुसली असंल तर लगेच कळंल.

चिमटाबाई:
तांबं पितळ कासं नंतर बघा, पोत्यात नावं घातलेली भांडी आहेत का ते बघा आधी 😄 आमच्याकडे एका परातीवर भलत्याच घराण्याचं नाव आहे, कुठल्या लग्नातून आली कुणालाच आठवत नाही.

खडकफोड्या:
भट्टीवाल्या काकांनी ओळखायचं सांगितलंच आहे, मी जरा ही भांडी मुळात आली कुठून ते लिहितो, विषय माझ्या आवडीचा आहे त्यामुळे लांबलं तर माफ करा.

आपल्या बहुतेक महाराष्ट्रावर काळ्या बेसॉल्टचे थर पसरलेले आहेत, आणि त्या दगडात तांब्याच्या मोठ्या खाणी सापडत नाहीत. डोंगरमाथ्यावर तोच दगड लाखो वर्षं पावसात कुजून जांभा आणि बॉक्साईट झाला, म्हणून कोल्हापूरकडे राधानगरी, शाहूवाडी भागात बॉक्साईट मिळतं, म्हणजे ॲल्युमिनियम. जुने खडक उघडे पडतात ते विदर्भाच्या पूर्वेला, म्हणून नागपूर भंडाऱ्याला मँगनीज आणि गडचिरोलीला लोहखनिज. तांब्यासाठी मात्र बाहेरच जावं लागतं, राजस्थानात खेत्री, झारखंडात सिंहभूम, आणि आपल्याला सगळ्यात जवळ म्हणजे मध्य प्रदेशातलं मलाजखंड, बालाघाट जिल्ह्यात. मी गेलोय तिथे, प्रचंड मोठा उघडा खड्डा, आणि त्यातल्या खनिजात तांबं किती, तर शंभर किलो दगडामागे साधारण एक किलो. बाकी नव्याण्णव किलो नुसता दगड फोडायचा, दळायचा, फेसात घुसळून खनिजाचे कण वर आणायचे, मग भट्टी, मग विजेने शुद्ध करणं. पूर्वीच्या लोकांना यंत्रं नव्हती, त्यांना वर वरचं चांगल्या प्रतीचं खनिज मिळायचं.

कथलाची तर आपल्याकडे पहिल्यापासून चणचण. छत्तीसगडात बस्तरकडे दंतेवाडा सुकमा भागात थोडं आहे, बाकी आजही बाहेरून येतं. त्यामुळे कासं कायम महाग आणि घरात मोजकंच, जेवायची ताटं-वाट्या काशाची आणि पाण्याचे हंडे पितळेचे, ह्यात परंपरा वगैरे असेलच पण हिशोबही आहे.

आणि जस्त! ह्याची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. जस्ताचं खनिज कोळशाबरोबर तापवलं की जस्त सुटं होतं हजार अंशांच्या पुढे, पण जस्त उकळतंच ९०७ अंशाला. म्हणजे ते द्रव होऊन खाली साचत नाही, सरळ वाफ होऊन वर जातं आणि हवा लागली की परत पांढरी राख. तांबं, शिसं, लोखंड काढणारे लोक ह्या एका धातूपुढे शतकानुशतकं हरले. उदयपूरजवळ झावरच्या लोकांनी त्यावर युक्ती काढली ती अशी, मातीचं वांग्याच्या आकाराचं पात्र भरून उलटं टांगायचं, देठाची नळी खाली, वरून आग, आणि वाफ नळीतून खाली थंड भागात उतरून तिथे थिजते. हे काम तिथे बाराव्या शतकाच्या आसपासपासून मोठ्या प्रमाणावर चालू होतं, आणि युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला जस्त काढायचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. झावरला त्या वापरून टाकलेल्या नळकांड्यांचे आजही ढीग आहेत, लोकांनी घरांच्या भिंतीत विटांसारखी वापरलीत.

मग त्याआधी पितळ कसं बनायचं? तर जस्त वेगळं न काढताच. तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवायचं, वाफ तांब्यातच शिरते. पण अशा पद्धतीत तीस टक्क्यांच्या आसपास जाऊन जस्त थांबतं, त्याच्या वर जात नाही. चाळीस टक्क्यांचं पितळ हवं तर जस्त सुटंच हवं.

तपेली:
वापरायचं विचारलंय म्हणून लिहिते, मी रोजचा भात आणि आमटी पितळेच्या पातेल्यात करते, गेली सहा वर्षं. पितळेला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट काही करायचं नाही म्हणजे नाही. ताक, चिंच, टोमॅटो, कोकम काहीही ठेवलं की कळकतं. आमच्या सासूबाई चवीवरून सांगतात "हे कळकलंय", जिभेवर ती एक तुरट धातूची चव येते, ती म्हणजे पदार्थात उतरलेलं तांबं आणि जस्त, मळमळतं उलट्या होतात. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा खुशाल, लिंबू सरबत नको.

कल्हईवाले आता शोधावे लागतात पण आहेत. आमच्याकडे वर्षातून दोनदा येतो एक जण. भांडं घासून भट्टीवर तापवतो, त्यावर नवसागराची पूड टाकतो, भस्सकन पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो, डोळ्यासमोर काळं भांडं चांदीसारखं होतं, मुलं तोंड उघडं टाकून बघत बसतात आणि मी पण. कथील २३२ अंशालाच वितळतं म्हणून हे रस्त्यावर बसून जमतं. पण त्याच कारणाने कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर विसरायचं नाही, कल्हई वितळून एका कोपऱ्यात गोळा होते, स्वानुभव. आणि कल्हईवाल्याला विचारून घ्या कथील शुद्ध आहे का, स्वस्तात करतो म्हणणारे त्यात शिसं मिसळतात, तसली कल्हई असण्यापेक्षा नसलेली बरी.

काशाला कल्हई लावत नाहीत, जेवायला तसंच वापरतात. पण त्यातही ताक रात्रभर ठेवू नका.

बाय द वे तो पांढरट डबा हलका असेल तर जर्मनचा असेल.

माजघर:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. ओरखडे काढले. बंब, घंगाळ, ताम्हण लाल निघालं. हंडे, परात, तपेल्या, समई पिवळं. ताटं आणि वाट्या फिकट वाटतात पण मामा म्हणतो तुला तसं वाटायचंय म्हणून वाटतंय 😐 म्हणून मी किचनच्या वजनकाट्यावर घनता काढली. वाटी १८७ ग्रॅम. मग पातेल्यात पाणी घेऊन काटा शून्य केला, वाटी दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवली, तळाला न टेकवता, आकडा आला २२. म्हणजे १८७ भागिले २२ बरोबर ८.५. पुस्तकात पितळ ८.४ ते ८.५ च्या आसपास दिलंय. म्हणजे मामा जिंकला का?

आणि "जर्मनचा" म्हणजे ते जर्मन सिल्व्हर का? डबा जड आहे पण.

शंकासुर:
नाही जिंकला. तुमची पद्धत बरोबर, आकड्यावरचा विश्वास चूक. तुमचा काटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवतो. २२ च्या जागी खरं २१ असेल तर उत्तर ८.९ येतं, म्हणजे जवळपास शुद्ध तांबं, आणि २३ असेल तर ८.१, म्हणजे कुठलंच पितळ नाही. ह्या मापावरून तुमची वाटी सोन्याची नाही एवढंच नक्की सांगता येईल.

बावीस टक्के कथलाचं कासं ८.६ ते ८.७ च्या घरात असतं, सत्तर-तीसचं पितळ ८.५३ आणि साठ-चाळीसचं ८.४. फरक फार बारीक आहे. तेव्हा सगळ्या वाट्या एकदम बुडवा, शिंकाळ्यासारखं दोऱ्याने बांधून, चूक तेवढीच राहील पण आकडा सातआठ पट मोठा होईल. एकीत एक घालू नका, मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात आणि बुडबुडा अडकला की कासंही पितळ होतं. वाट्या आधी घासून घ्या.

आणि इथे कुणी लिहायच्या आधी मीच लिहितो, काशाच्या वाटीने तळपाय घासल्यावर जो काळा थर येतो ती शरीरातली उष्णता किंवा विष बाहेर पडलेलं नसतं. तूप-तेल, घाम आणि धातू ह्यांची क्रिया होऊन ते काळं होतं, तूप लावून निर्जीव वस्तूवर घासलंत तरी येईल. झोप छान लागते हे मान्य, माझी आजी घासायची, मी पण घासून घ्यायचो.

भट्टीवाला:
शंकासुर बरोबर बोलला. पण आधी आवाजानं वेगळ्या करा मगच वजन, एखादी वाटी भलतीच असंल तर सगळ्यांचा हिशोब बिघडवंल.

जर्मन आणि जर्मन सिल्व्हर वेगळं. आपल्याकडं जर्मनचं भांडं म्हणजे ॲल्युमिनियमचं, का म्हणतात देव जाणे. हिंडालियम म्हणजे पण तेच, ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम, मँगनीज वगैरे घालून कडक केलेलं. आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी औषधाला पण नाही. तुमचा डबा जड आहे म्हणजे ॲल्युमिनियम नाही, ते तांब्याच्या एक तृतीयांश वजनाला पण नसतंय. काठ, कोपरे, कडीची जागा बघा, जिथं हात लागून झिजतंय तिथं पिवळं दिसलं तर पितळेवर निकेल चढवलंय. पूर्वी पानाचे डबे तसे खूप यायचे.

हंड्यांचं सांगतो. त्याच्यावर हातोडीचे बारीक बारीक ठोके असतील, त्याला मठारकाम म्हणतात, पुण्यात कसब्यात तांबट आळीत अजून करतात. लोकांना वाटतं डिझाईन आहे. डिझाईन आहेच, पण तांबं किंवा पितळ थंड असताना ठोकलं की कडक होतंय, ठोक्यांशिवाय एवढा पातळ हंडा पाणी भरून कडेवर घेतला तर चेपंल. जास्त ठोकलं की तडकतंय म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून नरम करून घ्यायचं, परत ठोकायचं. कासं ह्याच्या उलट नखऱ्याचं. ते थंड ठोकलं की फुटलंच, लालभडक असतानाच ठोकायचं, आणि शेवटी तापलेलं पाण्यात बुडवायचं. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक ठिसूळ होतंय, कासं बुडवलं की ठिसूळपणा कमी होतोय. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी चेष्टा समजलो होतो.

समईत जेवायचं नाही म्हणून काय अडत नाही, पण ओतीव पितळेत, म्हणजे समई, घंटा, नळ ह्यात, थोडं शिसं मिसळलेलं असायची शक्यता असते, कातकाम सोपं जावं म्हणून. तसल्यात खायचं काही ठेवू नका. आणि तपेल्यांना कुठं डाग दिलेला, म्हणजे भोक किंवा सांधा झाळून बुजवलेला, आहे का बघा, जुना डाग म्हणजे शिसं आणि कथील. डाग आतल्या बाजूनं असंल तर ती तपेली फुलं ठेवायला.

नवी_सून:
मधेच घुसतेय सॉरी, मला एवढंच विचारायचं होतं की रोजच्या स्टीलला पण मॅग्नेट चिकटत नाही मग ते लोखंड नाही का?

खडकफोड्या:
लोखंडच आहे, सत्तर टक्क्यांच्या आसपास. चांगल्या भांड्यांचं ३०४ नंबरचं स्टील म्हणजे त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे वर एक न दिसणारा ऑक्साईडचा पापुद्रा येतो, खरवडला तरी हवेत परत तयार होतो, म्हणून गंज नाही. आणि निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचनाच बदलते, मग चुंबकाला ते ओळख दाखवत नाही. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, त्यालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे दुकानदार मॅग्नेट लावून "बघा ओरिजिनल" म्हणाला तर हसून घ्या. उलट इंडक्शनच्या भांड्याचं बूड मुद्दाम चुंबक चिकटणारंच करतात.

माजघर:
अपडेट देते. काल रात्री जेवणं झाल्यावर आई, मामा, मी आणि दोन भाचे असे सगळे बसलो वाट्या टांगून. सात वाट्या अशा घुमल्या की भाचा म्हणाला आरती सुरू करू का. आठवी ठक्क. भट्टीवाले काका, तुम्ही म्हणालात ते केलं नसतं तर ती आठवी सगळ्यांत गेली असती. मग सातांचं वजन केलं, १३१८ ग्रॅम, पाण्यात १५२. म्हणजे ८.६७. एक ग्रॅम इकडे तिकडे धरला तरी ८.६१ ते ८.७३, पितळ बसत नाही. शंकासुर, चालेल ना?

डब्याचे काठ पिवळे निघाले, निकेलच. दोन तपेल्यांना आतून डाग आहेत, त्या बाजूला काढल्या. बाकीच्यांना कल्हई करून घेणार. फुटका बंब मोडीत जाईल पण तांब्याच्या भावाने.

शंकासुर:
चालेल. ताटंही तशीच करा. आणि आठवी?

माजघर:
आठवी घासल्यावर कळलं. साती वाट्यांवर पणजीचं नाव आहे, टिंब टिंब ठोकून घातलेलं, सन पण आहे १९३१. आठवीवर आळीतल्या पलीकडच्या घराचं नाव निघालं, चिमटाबाई तुमच्या तोंडात साखर पडो! मामा वाटी हातात घेऊन बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला, म्हणजे आपली काशाची वाटी नव्वद वर्षं त्यांच्याकडे आहे. आज सकाळी पितळेची वाटी पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलाय, अजून आलेला नाही.